'शिकस्त' : हरलेल्या लढाईची की वाट पाहणाऱ्या बाईची?

'शिकस्त' हा शब्द मला दोनदा शिकावा लागला. आमच्या शाळेत इतिहासाचे पुस्तक उर्दूत असते. पानिपतचा पाठ आला की मी फळ्यावर 'शिकस्त' लिहिते आणि मुले वहीत उतरवून घेतात. उर्दूत त्याचा अर्थ सरळ आहे. शिकस्त म्हणजे हार. फतह आणि शिकस्त ही जोडी आमच्या मुलांना पाचवीपासून पाठ असते. पुढे बी.एड. करताना मराठी वाचन वाढले आणि एका लेखात 'त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली' असे वाक्य भेटले. मी गोंधळले. प्रयत्न हरले, असा अर्थ लावून पुढे गेले. दोन परिच्छेदांनंतर कळले की माणूस तर यशस्वी झाला होता! मराठीत शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, होते नव्हते तेवढे बळ लावणे. फारसीतून दोन्ही भाषांत आलेला एकच शब्द. एका घरी त्याचा अर्थ मोडून पडणे झाला, दुसऱ्या घरी मोडेपर्यंत झटणे.

म्हणून आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' ही कादंबरी दिसली, तेव्हा मी ती केवळ नावासाठी घरी आणली. कादंबरी १९८३ सालची. हातात आलेली प्रत जुनी होती, पाने पिवळी पडलेली. विषय पानिपतचा, म्हणजे नाव उर्दू अर्थाने घ्यावे असे कुणालाही वाटेल. पण कादंबरीच्या मध्यभागी लढाई नाही. मध्यभागी एक बाई आहे : सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या पत्नी पार्वतीबाई. लढाई एका दिवसात संपली. या बाईची लढाई पुढे बावीस वर्षे चालली. नाव कोणत्या भाषेत वाचायचे, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो, आणि प्रस्तुत लेखात मला त्याच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे.

इनामदारांविषयी आपल्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. १९२३ ते २००२ हा त्यांचा जीवनकाळ. १९९७ साली तेव्हाच्या अहमदनगरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा मोठा बहर १९६० नंतर आला. त्या काळातील गाजलेली नावे आठवून पाहा : 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा'. सगळी नावे पुरुषांची किंवा त्यांच्या पदव्यांची. इनामदारांनीही पुरुषांवरच लिहिले, पण त्यांची निवड वेगळी होती. इतिहासाने ज्यांच्या नावापुढे काळी खूण केली, अशी माणसे त्यांनी उचलली. 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव. 'शहेनशहा'मध्ये त्यांनी औरंगजेबाला माणूस म्हणून उभे केले. मराठी कादंबरीत आपल्या वाट्याला बहुधा दाढीवाला खलनायक येतो, त्या पार्श्वभूमीवर हे काम लहान नव्हते, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

अशा लेखकाने पार्वतीबाईंकडे वळावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. पार्वतीबाई बदनाम नव्हत्या. त्या दिसतच नव्हत्या. बदनामीपेक्षा हे वाईट असते. बदनाम माणसाची निदान चर्चा तरी होते.

इतिहासातील घटना थोडक्यात अशा. पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकर घराण्यातील. भाऊंची ही दुसरी पत्नी. भाऊसाहेब म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, उदगीरचे विजयी सेनापती. १७६० साली ते उत्तरेकडे निघाले तेव्हा पार्वतीबाई बरोबर होत्या. त्या काळी लष्कराबरोबर कुटुंबकबिला जात असे, यात्रेकरूही जात. १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या दिवसांत, पानिपतावर सारे संपले. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ गर्दीत शिरले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत या लढाईचा वृत्तांत लिहिला आहे. भाऊंचा म्हणून जो देह मिळाला, त्याला शीर नव्हते. त्या देहाचे दहन झाले. पण शीर नसलेल्या देहावर मनाची खात्री कशी पटावी? पार्वतीबाई जिवंत परतल्या आणि त्यांनी पती गेल्याचे मान्य केले नाही. कुंकू पुसले नाही. त्या काळच्या ब्राह्मण विधवेच्या नशिबी येणारे केशवपन, आलवण, कोपऱ्यातली खोली, यांपैकी काहीही त्यांनी स्वीकारले नाही. १७८३ साली त्या वारल्या, तेव्हाही सवाष्ण म्हणूनच. त्यानंतर दोघांची उत्तरक्रिया बरोबरच झाली. म्हणजे भाऊसाहेबांचा मृत्यू पेशवाईच्या कागदावर बावीस वर्षे पूर्ण झाला नव्हता, कारण एका बाईने त्यावर आपली सही केली नव्हती.

ही सगळी सामग्री कादंबरीकाराला मोहात पाडणारी आहे. पार्वतीबाईंच्या नकाराला ते हसत नाहीत, त्याला वेड ठरवत नाहीत, हे इनामदारांचे पहिले यश. सांत्वन करायला येणारे नातेवाईक, राज्य सांभाळणारे कारभारी आणि आपापल्या सोयीने तिच्या कुंकवाकडे बघणारी माणसे, या सर्वांच्या मध्ये ती शांतपणे आपल्या जागी बसून राहते. दुसरे यश भाषेचे. इनामदारांची भाषा पेशवेकालीन कागदपत्रांत मुरलेली आहे. त्या कागदांत फारसी शब्द पावलोपावली आहेत आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाला अशा पानांवर परके वाटत नाही. आमच्याकडे 'शिकस्ता' म्हणजे मोडक्या वळणाची, भरभर लिहायची लिपी. 'मोडी' हे नावही त्याच अर्थाने पडले, असे काही जाणकार म्हणतात. पुण्याच्या दफ्तरातले मोडी कागद आणि आमच्या खानदानी पेटीतले शिकस्ता कागद एकमेकांचे भाऊबंद आहेत. अशी कादंबरी वाचताना ते नाते जाणवते. माझ्यासारख्या वाचकाला हा आनंद मोठा आहे.

आता जे खटकले, ते लिहिते.

पार्वतीबाईंचा नकार कादंबरी पतिनिष्ठा म्हणून वाचते. तिचा भाऊंवर जीव आहे, म्हणून ती वाट पाहते. यात खोटे काही नाही. पण एवढेच आहे का? ज्या समाजात नवरा मेल्याच्या क्षणी बाईचे केस, रंग, जेवण आणि उठण्याबसण्याची जागा काढून घेतली जाते, तिथे 'तो जिवंत आहे' असे म्हणणे हे फक्त प्रेमाचे वाक्य राहत नाही. तो स्वतःच्या देहावरचा आणि घरातल्या जागेवरचा हक्क सांगण्याचा मार्गही होतो. तिने उघड बंड केले असते तर तिला कुणी उभे केले नसते. तिने धर्माच्याच भाषेत सांगितले की मी सवाष्ण आहे. त्यावर शास्त्र्यांपाशीही उत्तर नव्हते. मला पार्वतीबाई केवळ वाट पाहणारी पत्नी वाटत नाहीत. मला त्या एक निर्णय घेतलेली बाई वाटतात. इनामदार त्या निर्णयाच्या जवळ येतात आणि तिथेच थांबतात. त्यांच्या कथेला ओढ असते ती 'भाऊ आहेत की नाहीत' या प्रश्नाची. 'या बाईने आता कसे जगायचे ठरवले आहे' हा प्रश्न त्याच्या मागे उभा राहतो. कादंबरी बाईची, पण तिच्यातली मुख्य जागा गैरहजर नवऱ्याने व्यापली आहे.

'गैरहजर' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो मला एका पालकाने दिला.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील ती पहिलीत असताना हावडा-अहमदाबाद गाडीने सुरतेला कामाला गेले. गोंदिया जंक्शन असल्यामुळे आमच्याकडे माणसे अशीच जातात. कुणी सुरतेला, कुणी नागपूरला, कुणी रायपूरला. सुरुवातीला फोन आले, थोडे पैसे आले, मग काहीच आले नाही. सात वर्षे होऊन गेली. आई घरी बिड्या वळते आणि शेजारच्या मुलांना अरबी शिकवते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ती शाळेत आली. फॉर्मवर 'वडील : हयात / मयत' असे दोनच पर्याय होते. मी पेन धरून बसले. विचारले, "काय लिहू?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, हाजरी में जैसा लिखते, वैसा लिखो ना. ग़ैरहाज़िर." फॉर्मवर तसा पर्याय नव्हता. 'हयात' लिहिले तर वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणा म्हणणार, 'मयत' लिहिले तर मृत्यूचा दाखला आणा म्हणणार. दोन्ही दाखले तिच्याकडे नव्हते. त्या रात्री मी 'शिकस्त' पुन्हा उघडली. पहिल्या वाचनात जिथे मला कंटाळा आला होता, ती पाने या वेळी सावकाश वाचली.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. फिक्हमध्ये बेपत्ता नवऱ्याला 'मफ़क़ूद' म्हणतात आणि त्यावर सविस्तर चर्चा आहे. हनफी मताप्रमाणे बाईने नवऱ्याच्या वयाची माणसे दुनियेतून जाईपर्यंत थांबावे. हा काळ नव्वद वर्षांच्या वयापर्यंत मोजला गेला. म्हणजे व्यवहारात जन्मभर. इमाम मालिक यांच्या मताप्रमाणे चार वर्षांची मुदत आणि त्यानंतर इद्दत. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुस्लिम हनफी, त्यामुळे कित्येक बायका अधांतरी लटकून राहिल्या. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'अल-हीलतुन्नाजिज़ा' लिहून या बाबतीत मालिकी मताचा आधार घ्यायचा मार्ग दाखवला. त्यातूनच पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर पत्नीला न्यायालयाकडून निकाह रद्द करून घेता येतो, हे त्यातले पहिलेच कारण आहे. निकालानंतर सहा महिने थांबावे लागते. त्या काळात नवरा परतला आणि संसार करायला तयार झाला तर निकाल रद्द होऊ शकतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हीच मुदत सात वर्षांची आहे. पार्वतीबाईंच्या काळात यातले काहीच नव्हते. त्यांच्यापुढे दोनच दारे होती, सवाष्ण किंवा विधवा. तिसरे दार त्यांनी स्वतः, भिंत फोडून काढले. आज कायद्याने तिसरे दार दिले आहे. पण ते दार बाईला घरातून किंवा मोहल्ल्यातून कुणी दाखवत नाही, हे माझे रोजचे निरीक्षण आहे. उलट तिला विचारले जाते, "अजून वाट बघते का?" वाट पाहिली तरी बोलणे, नाही पाहिली तरी बोलणे.

मी त्या आईला १९३९ च्या कायद्याबद्दल सांगितले. तिने ऐकून घेतले. अजून कोर्टात गेलेली नाही. जायचे की नाही हे तिने ठरवायचे आहे. एवढे मला 'शिकस्त'नेच शिकवले, जरी 'शिकस्त'मध्ये ते स्पष्ट लिहिलेले नाही.

कादंबरीचा सर्वांत नाट्यपूर्ण भाग तोतयाचा. पानिपतनंतर काही काळातच एक कनोजी ब्राह्मण 'मी सदाशिवरावभाऊ' म्हणून पुढे आला. पुण्यात पंच बसले, साक्षी झाल्या, तो तोतया ठरला आणि रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत गेला. १७७६ साली तो सुटला आणि त्याने कोकणात मोठे बंड उभे केले. किल्ले घेतले, माणसे गोळा केली. अखेर पकडला जाऊन त्याच वर्षाच्या शेवटी त्याला देहदंड झाला. या प्रकरणावर न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक आहेच. राज्याच्या दृष्टीने हा गादीचा प्रश्न होता, नाना फडणीस आणि सखारामबापूंच्या कारभाराचा प्रश्न होता. बाईच्या दृष्टीने तो फार वेगळा होता. एक परका माणूस तुमच्या नवऱ्याचे नाव घेऊन येतो आणि सारे शहर त्याच्याकडे पाहण्याआधी तुमच्या तोंडाकडे पाहते. हो म्हटले तर अब्रू जाते. नाही म्हटले तर आशा जाते. या कोंडीत मला या विषयाचा खरा गाभा दिसतो. इनामदारांनी हा विषय हाती घेतला, इथेच त्यांच्या दृष्टीचा मोठेपणा आहे. माझी तक्रार एवढीच की कारभाऱ्यांच्या मसलतींना त्यात जी जागा मिळते, तितकी जागा त्या तोंडामागच्या मनाला मिळायला हवी होती. लेखकाकडे कागद होते, आणि कागद कारभाऱ्यांनी लिहिले होते. पार्वतीबाईंनी काय विचार केला, याचा कागद कुठून मिळणार? पण कादंबरीकार आणि इतिहासकार यांच्यात फरक असतो तो इथेच. कागद जिथे संपतो, तिथून कादंबरीचे काम सुरू होते.

कागदावरून आठवले. पानिपतची बातमी दक्षिणेत सांकेतिक शब्दांत आली होती, हे प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते. थोर सरदारांना मोती, इतरांना मोहरा, सामान्य शिपायांना खुर्दा. वर्गात हे सांगताना मुले गप्प होतात, इतके ते भेदक आहे. पण त्या हिशेबात बायका कुठे आहेत? हजारो बायका-मुले त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पकडली गेली, गुलाम म्हणून नेली गेली. त्या ना मोती, ना मोहरा, ना खुर्दा. त्यांच्यासाठी नाण्याचे नावच ठरले नव्हते. पार्वतीबाई परत आल्या, म्हणून निदान त्यांची नोंद झाली. ज्या गारदी शिपायांच्या, बारगिरांच्या, खोगीर शिवणाऱ्यांच्या बायका घरी राहिल्या होत्या, त्यांनाही कुणी नक्की काही सांगितले नसणार. कोकणातल्या आणि माणदेशातल्या कितीतरी झोपड्यांत असेच कुंकू लावायचे की पुसायचे, हा पेच पडला असेल. पेशव्यांच्या सुनेला नकार देता आला, कारण तिच्यामागे वाडा होता. खुर्द्याच्या बायकोला तोही अधिकार नव्हता. 'शिकस्त'चा रोख त्यांच्याकडे नाही. शनिवारवाड्याच्या कादंबरीकडून तशी अपेक्षा करणे कदाचित अन्याय होईल, पण वाचक म्हणून ती उणीव मला लागते.

आणि त्या उणिवेत एक नाव आपल्या फार जवळचे आहे. पानिपतावर पेशव्यांच्या घरातला आणखी एक पुरुष लढला : समशेर बहाद्दर. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा. ब्राह्मणांनी मुंज नाकारल्यामुळे तो मुसलमान म्हणून वाढला, आणि आईबापांच्या मृत्यूनंतर त्याच वाड्यात मोठा झाला. जखमी अवस्थेत तो जाटांच्या मुलखापर्यंत पोहोचला आणि तिथेच वारला. मागे पत्नी होती, अली बहादूर नावाचा लहान मुलगा होता. हाच अली बहादूर पुढे बुंदेलखंडात बांद्याच्या नवाबीचा संस्थापक झाला, आणि त्या घराण्यातील दुसरा अली बहादूर १८५७ च्या लढ्यात उतरला. एकाच लढाईत भाऊ गेले आणि समशेर गेला. एकाच घराच्या दोन सुना. एकीवर मराठीत कादंबरी आहे, चित्रपट आहे. दुसरीवर एक प्रकरणही माझ्या वाचनात आलेले नाही.

समशेरच्या आईवर इनामदारांनीच १९७२ साली लिहिले होते, असे म्हणता येईल. पण त्या कादंबरीचे नाव पाहा : 'राऊ'. बाजीरावाचे घरगुती, लाडाचे नाव. मस्तानीचे लाडाचे नाव काय होते, तिला तिची आई काय म्हणून हाक मारायची, हे कुणाला माहीत आहे? 'राऊ'ने मस्तानीची बदनामी धुऊन काढली. १९७२ सालच्या पुण्यात बसून हे लिहिणे धैर्याचे होते. पण त्या धुलाईचा साबण म्हणजे बाजीरावाचे प्रेम. त्याने प्रेम केले म्हणून ती थोर. पाबळला तिची कबर आहे. तिला कुणी समाधी म्हणतात, कुणी मज़ार. मेल्यावरही बाई कुणाची, याचाच वाद. आपणही त्यात मागे नाही. २०१५ साली संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' आला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात 'मस्तानी आपली होती' असे अभिमानाने बोलले गेले. तिने काय सोसले, यावर मात्र कुणी दोन वाक्ये बोलले नाही. नवऱ्याची सावली हटवून तिच्यावर कौमची सावली टाकली, एवढाच फरक.

'राऊ'नंतर अकरा वर्षांनी 'शिकस्त' आली. या अकरा वर्षांत लेखक एक पाऊल पुढे आला, असे मला वाटते. 'राऊ'मध्ये बाई प्रेयसी आहे, पुरुष समोर आहे. 'शिकस्त'मध्ये पुरुष समोर नाही आणि बाईला एकटीने कादंबरी पेलायची आहे. पुढच्या लेखकांनी मात्र हे पाऊल पुढे नेले नाही. १९८८ साली विश्वास पाटलांची 'पानिपत' आली. ती थोर कादंबरी आहे, पण ती पुन्हा रणांगणावर गेली. २०१९ साली आशुतोष गोवारीकर यांनी 'पानिपत' चित्रपटात पार्वतीबाईंना मोठी जागा दिली, पण ती भाऊंच्या पराक्रमाची साक्षीदार म्हणून. बावीस वर्षांच्या त्या लांब दुपारकडे कुणी वळले नाही. लढाईत रंग आहे, वाट पाहण्यात रंग नाही, असे आपण धरून चालतो.

हे सारे आपण का वाचावे, असा प्रश्न आपले वाचक विचारतील. माझे उत्तर माझ्या वर्गातून येते. पानिपतच्या पाठानंतर दरवर्षी एखादा मुलगा दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, अब्दाली हमारा था क्या?" बाहेर कुणीतरी त्याला तसे म्हटलेले असते. मी इब्राहिमखान गारदीचे नाव सांगते. तो अखेरपर्यंत भाऊंच्या बाजूने लढला आणि कैदेत मारला गेला. मी समशेर बहाद्दरचे नाव सांगते. मुलांची मान थोडी वर येते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण मुलींनी अजून काहीच विचारलेले नसते. त्यांना या पाठात विचारण्यासारखे कुणी सापडलेलेच नसते. या वर्षी मी पाठ संपल्यावर पार्वतीबाईंची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, उन्होंने बाईस साल क्या किया?" सुरतेला गेलेल्या माणसाची तीच मुलगी. मला पूर्ण उत्तर देता आले नाही. इनामदारांनाही देता आलेले नाही. पण हा प्रश्न विचारण्याची सोय त्यांनी करून ठेवली, हे त्यांचे ऋण आहे.

त्या प्रश्नाचे पुढचे उत्तर आता आपल्या लेखकांनी, विशेषतः लिहित्या भगिनींनी द्यायला हवे. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० च्या सोलापूर संमेलनापासून सुरू आहे. आपण कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, वैचारिक लेखन भरपूर केले. ऐतिहासिक कादंबरीकडे मात्र आपण फिरकत नाही, जणू तो प्रांत दुसऱ्यांचा आहे. समशेर बहाद्दरच्या बेवेची कादंबरी आपण नाही लिहिली तर कोण लिहील? तिच्यासाठी कागद थोडे मिळतील, हे खरे. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगायला आपल्या मोहल्ल्यात साक्षीदारांची कमी नाही.

शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे येते. उर्दूची शिक्षिका म्हणून मी 'शिकस्त' म्हणजे हार, असेच शिकवणार. परीक्षेत तेच लिहायचे आहे. पण ही कादंबरी मुलींच्या हातात देताना मी त्यांना सांगते की याच्या मुखपृष्ठावरचा शब्द मराठीत वाचा. भाऊसाहेबांची शिकस्त उर्दूत झाली, पार्वतीबाईंची मराठीत. इनामदारांना हे पुरते कळले होते की नाही, यावर वाद होऊ शकेल. वाद घालण्यासाठी तरी कादंबरी वाचावी. आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात प्रत एकच आहे आणि सध्या ती माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात परत करणार आहे.